मॉस्को ते ओडेसा : रिकाम्या चौथऱ्यांच्या वाटेनं

हा मार्ग २०१९ च्या सप्टेंबर अखेरचा आहे. मॉस्को, कीव्ह, खारकीव्ह, झापोरिझ्झिया, हुल्याईपोले आणि ओडेसा. रशिया आणि युक्रेन यांच्यातली थेट विमानं ऑक्टोबर २०१५ मध्येच बंद झाली होती, पण रेल्वे चालू होती. मार्च २०२० मध्ये साथीमुळे तीही थांबली आणि २४ फेब्रुवारी २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर प्रश्नच मिटला. त्यामुळे याला सहलीचा आराखडा समजू नये. जागा तेव्हा कशा होत्या आणि पुढे त्यांचं काय झालं, ते दिवसागणिक लावून ठेवलं आहे.

आधी तेव्हाची कागदपत्रं. रशियात शिरताना मायग्रेशन कार्ड मिळतं. त्याची अर्धी चिठ्ठी देश सोडेपर्यंत पासपोर्टातच ठेवायची. हरवली तर बाहेर पडताना दंड आणि खोळंबा ठरलेला. सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर नोंदणी लागते, ती हॉटेलच करून देतं. युक्रेनच्या बाजूला दोन गोष्टी आडव्या येतात. पासपोर्टवर रशियामार्गे क्रिमियात गेल्याची खूण असेल तर प्रवेश नाकारला जातो, कारण युक्रेनच्या कायद्यानं तो बेकायदा प्रवेश ठरतो. दुसरी गोष्ट सामानातली. मॉस्कोच्या इझ्माइलोवो बाजारात विळा-हातोड्याचे बिल्ले ढिगानं मिळतात. युक्रेनमध्ये मे २०१५ च्या कायद्यांनी कम्युनिस्ट आणि नाझी अशी दोन्ही चिन्हं जाहीरपणे मिरवणं हा गुन्हा ठरला आहे. आपल्याकडे मे दिनाच्या मोर्चात सर्रास दिसणारा बिल्ला कोटाला लावून कीव्हमध्ये उतरलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. रशियन लष्करी अभिमानाची खूण असलेल्या नारिंगी-काळ्या पट्ट्यांच्या सेंट जॉर्ज फितीवरही २०१७ पासून बंदी आहे.

पहिला दिवस : मॉस्को, लाल चौक आणि लुब्यांका

लेनिनचा मकबरा तेव्हा सोमवारी आणि शुक्रवारी बंद असे. बाकीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी एक, तिकीट नाही. नऊच्या सुमारास रांगेत उभं राहावं. आत फोटो नाही, बोलणं नाही, थांबणंही नाही. पहारेकरी हातानं पुढे सरकवत राहतात. बाहेर पडल्यावर क्रेमलिनच्या भिंतीलगतच्या थडग्यांवरून जावं लागतं. स्टालिनचं शव ३१ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री मकबऱ्यातून काढून इथे पुरलं. आज या ओळीत सगळ्यात जास्त ताजी फुलं त्याच्याच अर्धपुतळ्यापाशी असतात.

निकोल्स्काया रस्त्यानं चालत लुब्यांका चौक गाठायला पंधरा मिनिटं पुरतात. गुप्त पोलिसांच्या पिवळसर इमारतीसमोर सोलोव्हेत्स्की बेटांवरून, म्हणजे सोव्हिएत छळछावण्यांच्या मूळ जागेवरून आणलेला एक ओबडधोबड दगड आहे. तो ३० ऑक्टोबर १९९० रोजी बसवला. दरवर्षी २९ ऑक्टोबरला ‘मेमोरियल’ संस्था इथे नावं वाचायची. सकाळी दहा ते रात्री दहा लोक रांगेत उभे राहत आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळे. नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. शिंपी, मुख्याध्यापक, गाडीवान. बरेच जण आपल्या घरातलं एक नाव शेवटी जोडत. २८ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं ही संस्था बरखास्त केली आणि पुढच्याच वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्काराचा वाटा मिळाला.

याच चौकाच्या मध्यभागी गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की उभा होता. २२ ऑगस्ट १९९१ च्या रात्री गर्दीच्या साक्षीनं क्रेननं तो खाली उतरवला. पुतळा मोडला नाही, मोस्कवा नदीकाठच्या मुझेऑन उद्यानात नेऊन ठेवला. तिथे तो इतर निवृत्त पुतळ्यांमध्ये उभा आहे, दुपारचा वेळ त्यासाठी ठेवावा. सप्टेंबर २०२३ मध्ये परदेशी हेरखात्याच्या मुख्यालयात त्याची प्रतिकृती बसवली गेली. तीस वर्षं लागली, पण गडी परत आला.

मराठी माणसासाठी मॉस्कोत आता आणखी एक जागा आहे. परदेशी साहित्याच्या राज्य ग्रंथालयात सप्टेंबर २०२२ मध्ये अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा बसवला. अण्णा भाऊ १९६१ मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आले होते. पुतळ्याच्या अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री होते. युद्ध सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. अण्णा भाऊंच्या राजकारणाचा वारसा सांगणारी रशियन डावी मंडळी त्या सुमारास काय भोगत होती, याचा समारंभाच्या बातम्यांत उल्लेख नव्हता. मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ बोरिस कागार्लित्स्की यांना फेब्रुवारी २०२४ मध्ये युद्धविरोधी बोलण्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. ते ब्रेझनेव्हच्या काळातही तुरुंगात जाऊन आले होते. तेव्हा इथला लेनिन उभा आहे म्हणून इथे डाव्यांचं बरं चाललं असेल, असा हिशेब मांडू नये.

दुसरा दिवस : क्रोपोत्किनस्काया

पूर्ण दिवस एका मेट्रो स्टेशनाभोवती घालवावा, असं मी म्हणेन.

१९३५ मध्ये मॉस्को मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात हे स्टेशन उघडलं, तेव्हा त्याचं नाव ‘सोव्हिएतांचा प्रासाद’ होतं. शेजारचं ख्रिस्त तारकाचं कॅथेड्रल डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंग लावून पाडलं होतं. त्या जागी चारशे मीटरच्या वर उंच इमारत आणि तिच्या माथ्यावर लेनिनचा अवाढव्य पुतळा यायचा होता. पाया भरला, पोलादी सांगाडा चढू लागला आणि १९४१ मध्ये युद्ध आलं. पोलाद उतरवून पूल आणि रणगाडाविरोधी अडथळ्यांसाठी नेलं. उरलेल्या खड्ड्यात १९६० मध्ये उघड्यावरचा गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव झाला. तो १९९४ मध्ये बुजवला आणि २००० मध्ये पुन्हा कॅथेड्रल उभं राहिलं. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी याच कॅथेड्रलच्या वेदीसमोर ‘पुसी रायट’ या पंक गायनगटाच्या मुलींनी मिनिटभर पुतिनविरोधी गाणं म्हटलं. त्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली.

स्टेशनाला १९५७ मध्ये क्रोपोत्किनचं नाव मिळालं. एका साम्यवादी राजवटीनं आपल्या स्टेशनाला अराज्यवाद्याचं, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्याचं नाव द्यावं, हे त्या राजवटीच्या पचनशक्तीचं उदाहरण आहे. प्योत्र क्रोपोत्किन जन्मानं राजपुत्र, पेशानं भूगोलतज्ज्ञ. चाळीस वर्षांच्या परदेशवासानंतर १९१७ मध्ये परतला आणि मॉस्कोच्या उत्तरेला दमित्रोव्ह गावी राहिला. तिथून १९२० मध्ये त्यानं लेनिनला पत्रं लिहिली. ओलीस धरणं ही मध्ययुगाची रीत आहे आणि सत्ता सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या परिषदांच्या नव्हे, तर पक्षसमित्यांच्या हातात गेली आहे, असा त्यांचा आशय. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी तो गेला. १३ तारखेच्या अंत्ययात्रेसाठी तुरुंगातल्या काही अराज्यवाद्यांना दिवसापुरतं वचनावर सोडलं आणि ते संध्याकाळी परत हजर झाले. काळे झेंडे घेऊन मॉस्कोत निघालेला तो सोव्हिएत काळातला शेवटचा मोठा मोर्चा. अडीच आठवड्यांत क्रॉन्श्टाट या नौदल तळावरच्या खलाशांचं बंड उठलं आणि मार्चमध्ये चिरडलं गेलं.

त्याचं जन्मघर चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. तिथे आज पॅलेस्टाईनचा दूतावास असल्यानं बाहेरूनच पाहायचं. कबर नोव्होदेविची स्मशानभूमीत आहे.

स्टेशनातून बाहेर आलं की समोर प्रेचिस्तेन्का रस्ता सुरू होतो. १९२१ ते १९९० त्याचंही नाव क्रोपोत्किनच्याच नावावर होतं. पहिल्या क्रमांकाच्या घरापाशी १९ जानेवारी २००९ रोजी दिवसाढवळ्या वकील स्तानिस्लाव मार्केलोव्ह आणि पत्रकार अनास्तासिया बाबुरोवा यांना गोळ्या घातल्या. मार्केलोव्ह ३४ वर्षांचे, बाबुरोवा २५ वर्षांची. ते चेचेन पीडितांचे आणि फॅसिस्टविरोधी तरुणांचे खटले लढवत. ती सेवास्तोपोलमध्ये जन्मलेली, विचारानं अराज्यवादी. मारेकरी नवनाझी गटाचे होते, २०११ मध्ये एकाला जन्मठेप आणि त्याच्या साथीदार स्त्रीला १८ वर्षांची शिक्षा झाली. दरवर्षी १९ जानेवारीला डाव्या गटांची मिरवणूक निघायची आणि या भिंतीशी फुलं ठेवली जायची. युक्रेनमधल्या नाझींपासून जगाला वाचवायला निघालेल्या राज्याच्या राजधानीत ही भिंत आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे जावं.

एक मुंबईचा धागाही इथून निघतो. ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, त्यात एम. पी. टी. आचार्य होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्यांचं बिनसलं, पक्षावरून मन उडालं आणि ते अराज्यवादाकडे वळले. मॉस्कोत त्यांचं लग्न माग्दा नाखमान या चित्रकर्तीशी झालं. बर्लिनमार्गे दोघं १९३० च्या दशकात मुंबईत आली आणि मुंबईतच संपली, ती १९५१ मध्ये, ते १९५४ मध्ये. मुंबईच्या त्या पिढीतल्या तरुण चित्रकारांनी तिला मानलं. आचार्यांचं राजकारण मात्र मुंबईत कुणी फारसं घेतलं नाही.

रात्री कीव्हस्की स्थानकावरून तेव्हा गाडी असे. अंतर सुमारे ८७० किलोमीटर. प्लात्स्कार्त डब्यात ५४ उघडे बर्थ, कुपेमध्ये चार-चारच्या नऊ खोल्या. सरहद्दीच्या गाडीत कुपेच घ्यावी, कारण मध्यरात्री दोन्ही बाजूंचे अधिकारी येतात आणि खालचे बर्थ उचलून सामान तपासतात. खालचा बर्थ घेतला की सामान आपल्याच अंगाखाली राहतं. त्या तासाभरात शौचालय बंद करतात, ते आधीच उरकावं. उकळतं पाणी डब्याच्या टोकाच्या बंबातून फुकट मिळतं. उन्हाळ्यात दोन्ही देशांची घड्याळं सारखी असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर युक्रेन तासभर मागे जातं, रशिया जात नाही. पुढची जोडगाडी याच तासापायी चुकते.

तिसरा दिवस : कीव्ह, तोफेचा चौथरा

मेट्रोनं वोक्झाल्ना स्टेशनवरून आर्सेनाल्नाला जावं. भाडं तेव्हा ८ ह्रिव्निया. आर्सेनाल्ना १०५ मीटर खोल आहे, दोन सरकते जिने बदलून वर यायला पाच मिनिटं जातात.

बाहेर पडताच समोर एका चौथऱ्यावर छोटी पहाडी तोफ दिसते. जानेवारी १९१८ मध्ये या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी युक्रेनच्या मध्य रादा या सरकारविरुद्ध बोल्शेव्हिकांच्या बाजूनं बंड केलं, त्याचं हे १९२३ मधलं स्मारक. चौथरा मात्र त्याच्याही आधीचा आहे. झारच्या काळात, १९१४ च्या सुमारास, त्यावर कोचुबेय आणि इस्क्रा या दोन कोझाक सरदारांचा पुतळा होता. आपला हेतमान, म्हणजे कोझाकांचा प्रमुख, मझेपा फितूर होणार आहे, अशी खबर त्यांनी पीटर बादशहाला दिली होती. बादशहानं विश्वास ठेवला नाही, दोघांना मझेपाच्याच हवाली केलं आणि १७०८ मध्ये त्यांची डोकी उडवली गेली. त्याच वर्षी मझेपा खरोखरच स्वीडनच्या राजाला जाऊन मिळाला. झारशाहीच्या लेखी दोघे निष्ठेचे हुतात्मे. बोल्शेव्हिकांनी त्यांना काढलं आणि त्याच दगडावर तोफ ठेवली. समोरचा रस्ता सोव्हिएत काळात ‘जानेवारी उठावा’चा होता. २००७ मध्ये त्याला नाव मिळालं इव्हान मझेपाचं.

म्हणजे मझेपाच्या रस्त्यावर, त्याच्या चहाडखोरांच्या चौथऱ्यावर, युक्रेनच्या सरकारवर रोखलेली बोल्शेव्हिक तोफ. कुणी मुद्दाम रचायचं म्हटलं तरी जमणार नाही. कारखान्याच्या भिंतीवर १९१८ च्या गोळ्यांचे खड्डे जपून ठेवले आहेत. विटेवर बोट फिरवलं की कळतं, मधला खळगा लहान आणि भोवतीचा टवका तळहाताएवढा. गोळी लागते त्या बाजूची वीट अशीच उडते.

तिथून क्रेश्चातिकमार्गे बेसाराब्का बाजारापर्यंत चालत जावं. बाजारासमोर करेलियाच्या तांबूस क्वार्ट्झाइटचा लेनिन होता. तो मेर्कुरोव्हनं घडवला, डिसेंबर १९४६ मध्ये इथे बसला आणि ८ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी आंदोलकांनी तो दोरानं ओढून पाडला. पुढच्या तीन वर्षांत देशभर तेराशेवर लेनिन उतरले. चौथरा राहिला. २०१६ मध्ये एका मेक्सिकन कलावतीनं त्याला शिडीसारखा जिना लावून कोणालाही आठवडाभर लेनिनच्या जागी उभं राहू दिलं. पुढे काही काळ निळ्या पंजाचं शिल्प आलं. कायमचं काय बसवायचं यावर एकमत होत नव्हतं, आणि मला विचाराल तर ते एकमत न होणं हीच तिथली सगळ्यात निरोगी गोष्ट होती.

इन्स्तितुत्स्का रस्त्याची चढण शेवटी. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारविरोधी आंदोलनात इथे गोळ्यांनी पडलेल्यांचे फोटो, शिरस्त्राणं, जपमाळा. लाकडी ढालीनं रायफलची गोळी थांबत नाही, हे तिथल्या ढालींकडे बघून कळतं.

चौथा दिवस : बाबिन यार

दोरोहोझिची मेट्रो. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत जर्मनांनी इथल्या घळीत ३३,७७१ ज्यूंना मारलं. आकडा त्यांच्याच अहवालातला आहे. १९७६ च्या भव्य सोव्हिएत स्मारकावर ज्यू हा शब्दच नव्हता, नुसते ‘सोव्हिएत नागरिक’. ज्यूंची मेनोरा, म्हणजे सात फांद्यांची दिवटी, आली १९९१ मध्ये. त्याच परिसरात २०१७ पासून ओलेना तेलिहा या कवयित्रीचा पुतळा आहे. ती १९४२ मध्ये कीव्हमध्ये जर्मनांकडून मारली गेली, हे खरं. ती युक्रेनियन राष्ट्रवादी संघटनेची होती, आणि त्या संघटनेतले काही लोक जर्मनांच्या मदतनीस पोलिसांत होते, हेही खरं. २०१६ मध्ये कीव्हच्या मॉस्को मार्गाला त्याच संघटनेचा नेता स्तेपान बांदेरा याचं नाव दिलं गेलं, तेव्हा ज्यू संघटनांनी आणि पोलंडनं नाकं मुरडली ती उगीच नाही.

पण हेही मोजून घ्यावं. ज्यांच्या नावानं मॉस्को बोंब मारतं, त्या अतिउजव्या पक्षांनी जुलै २०१९ च्या निवडणुकीत एकत्र यादी उभी केली. त्यांना २.१५ टक्के मतं पडली. संसदेत जायला पाच लागतात. त्याच्या तीन महिने आधी एक ज्यू विनोदवीर ७३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला होता. रस्त्यावर अतिउजव्यांची ताकद मतपेटीपेक्षा जास्त होती, कारण त्यांच्याकडे युद्धातून आलेली माणसं, हत्यारं आणि पोलिसांची ढिलाई होती. दोन्ही वाक्यं एकत्र धरली तरच चित्र खरं उतरतं.

पाचवा दिवस : खारकीव्ह

सकाळची इंटरसिटी पकडली की पाऊण दिवस हाती राहतो, अंतर सुमारे ४८० किलोमीटर आणि वेळ पाच तासांच्या आत. ही कोरियन बनावटीची गाडी आहे, तिकीट आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळायला हवं.

१९१९ ते १९३४ हे शहर सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं. स्वातंत्र्य चौकातली देर्झप्रोम इमारत १९२८ मधली. सलोह काँक्रीट आणि काच, तीन गट, त्यांना हवेत जोडणारे पूल. दागिना एकही नाही. समोर ८.५ मीटरचा लेनिन, चौथऱ्यासकट वीस मीटर. २८ सप्टेंबर २०१४ च्या रात्री करवतीनं पाय कापून तो पाडला, तेव्हा बूट वरच राहिले होते. त्या जागी देवदूताचा उंच स्तंभ उभारायचा बेत नागरिकांनी हाणून पाडला, अखेर २०२० मध्ये कारंजं आलं. १ मार्च २०२२ रोजी शेजारच्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये देर्झप्रोमवर बॉम्ब.

खरं बघायचं ते ‘स्लोवो’ हे घर. लेखकांच्या सहकारी संस्थेनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस ६६ बिऱ्हाडांची ही इमारत बांधली. वरून पाहिलं तर सिरिलिक ‘स’च्या आकाराची. इथले बहुतेक लेखक क्रांतीचे विरोधक नव्हते, तिचेच लोक होते. मिकोला ख्विलोवी पक्षसदस्य होता. युक्रेनियन साहित्यानं मॉस्कोची शिकवणी सोडावी असं लिहीत होता. १९३३ च्या दुष्काळात गावं मरत असताना अटका सुरू झाल्या. १३ मे १९३३ रोजी त्यानं मित्रांना घरी बोलावलं, शेजारच्या खोलीत गेला आणि स्वतःवर गोळी झाडली. दोन महिन्यांत जुना बोल्शेव्हिक मंत्री स्क्रिपनिक यानंही तेच केलं. या घराशी संबंधित नाटककार कुलिश, दिग्दर्शक कुर्बास हे ३ नोव्हेंबर १९३७ रोजी करेलियातल्या सांदरमोख जंगलात मारले गेले. लुब्यांकाचा दगड ज्या सोलोव्हेत्स्कीहून आला, तिथूनच त्या आठवड्यात ११११ कैदी त्या जंगलात नेले होते. जागा १९९७ मध्ये शोधणाऱ्यांपैकी इतिहास संशोधक युरी द्मित्रियेव्ह डिसेंबर २०१६ मध्ये पकडला गेला आणि २०१८ मधले काही महिने सोडले तर तुरुंगातच आहे.

याच शहराच्या कामगारवस्तीत रशियन लेखक एदुआर्द लिमोनोव्ह वाढला. विळा-हातोडा आणि नाझी झेंड्याची मांडणी एकत्र करून त्यानं १९९३ मध्ये राष्ट्रीय बोल्शेव्हिक पक्ष काढला. २००७ मध्ये पक्षावर बंदी आली. त्याच्या पक्षातली पोरं पुतिनविरोधात तुरुंगात गेली आणि २०१४ नंतर तीच पोरं पुतिनच्या बाजूनं पूर्व युक्रेनच्या डोनबासमध्ये लढायला आली. डावं की उजवं, या मोजपट्टीवर त्यांना बसवत बसू नये. साम्राज्य पाहिजे की नको, हा प्रश्न विचारला की लगेच जागेवर बसतात.

सहावा दिवस : झापोरिझ्झिया

झापोरिझ्झिया-१ स्थानकावर उतरलं की समोरून सरळ दहा किलोमीटरचा सोबोर्नी मार्ग निघतो आणि थेट धरणापाशी संपतो. तो २०१६ पर्यंत लेनिन मार्ग होता. चालक आणि म्हाताऱ्या बाया अजून तसंच म्हणत. धरणाच्या टोकाला लेनिन हात दाखवून उभा होता, तो मार्च २०१६ मध्ये क्रेननं रीतसर उतरवला. त्याआधी कुणीतरी त्याला युक्रेनियन भरतकामाचा सदरा चढवून वाचवायचा प्रयत्न केला होता.

धरण १९२७ ते १९३२ मध्ये अमेरिकन अभियंता ह्यू कूपर याच्या सल्ल्यानं बांधलं. १८ ऑगस्ट १९४१ रोजी माघार घेणाऱ्या सोव्हिएत सैन्यानंच ते खालच्या लोकांना न सांगता उडवलं. मार्च २०२४ मध्ये रशियन क्षेपणास्त्रांनी वीजघराचं मोठं नुकसान केलं. खालच्या खोर्तित्सा बेटावर कोझाकांचा इतिहास आहे. अर्धा दिवस पुरतो. जून २०२३ मध्ये खालचं काखोव्का धरण फुटल्यापासून इथली पाणीपातळी उतरली आणि किनारे उघडे पडले.

सातवा दिवस : हुल्याईपोले

झापोरिझ्झियाच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून मार्श्रुत्का, म्हणजे छोटी बस, सुमारे शंभर किलोमीटर, दोन तास. रेल्वेनं जाऊ नये, कारण ‘हुल्याईपोले’ नावाचं स्टेशन गावापासून बरंच लांब, वेगळ्याच वस्तीत आहे. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी; गावात मुक्कामाची सोय जेमतेम.

नेस्टर माखनो इथे १८८८ मध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पोलिसाच्या खुनाच्या खटल्यात फाशी झाली, वय कमी म्हणून ती जन्मठेपेवर आली. मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात वाचन झालं आणि मार्च १९१७ मध्ये सुटका. त्यानं जमिनी वाटल्या. १९१८ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत जाऊन क्रोपोत्किनला आणि लेनिनलाही भेटून आला. मग ऑस्ट्रो-जर्मन, युक्रेनियन राष्ट्रवादी पेतल्युरा, बोल्शेव्हिकविरोधी ‘गोऱ्या’ सैन्याचे सेनापती डेनिकिन आणि व्रांगेल आणि शेवटी बोल्शेव्हिकांचं लाल सैन्य, सगळ्यांशी लढला. लाल सैन्याशी मध्येमध्ये तह केले आणि दर वेळी फसवला गेला. २६ सप्टेंबर १९१९ रोजी उमानजवळ पेरेहोनिव्का इथे त्यानं डेनिकिनच्या फौजेची फळी फोडली आणि तिच्या पिछाडीला धुमाकूळ घातला. तेव्हा गोरे सैन्य मॉस्कोच्या वाटेवर ओर्योलकडे सरकत होतं. मॉस्को वाचवण्यात या अराज्यवाद्याचा मोठा वाटा आहे, हे मॉस्कोच्या पाठ्यपुस्तकांनी कधी सांगितलं नाही.

गावच्या संग्रहालयात माखनोचं दालन होतं आणि त्यात तचांका. तिच्यापाशी वेळ काढावा. मुळात ही जर्मन वसाहतकऱ्यांची स्प्रिंगवाली हलकी गाडी. तिला तीन-चार घोडे, मागे तोंड करून मॅक्झिम मशिनगन, हाकणारा एक, तोफची आणि पट्टा धरणारा. तोंड मागे असण्याला कारण आहे. पुढे झाडली तर घोडे बिथरतात. मागे असली की गाडी गर्रकन वळवून मारा करता येतो आणि पळतानाही तो चालू राहतो. स्प्रिंग नसलेल्या बैलगाडीवर नेम धरवत नाही, म्हणून गाडी हीच लागते. मॅक्झिमच्या नळीभोवती चार लिटर पाणी, पट्ट्यात २५० गोळ्या. पट्टा कापडी; ओला झाला की आकसतो आणि गोळी अडकते, म्हणून पट्टा धरणाऱ्याचं अर्ध काम तो सरळ आणि कोरडा ठेवणं. हिवाळ्यात पाणी गोठून नळीचं आवरण तडकतं, त्यात ग्लिसरीन घालत. सगळं पायदळच गाड्यांवर चढवल्यामुळे माखनोची फौज दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज काटे. काखोव्काच्या टेकडीवर १९६७ मध्ये उभारलेलं तचांकेचं स्मारक मात्र लाल घोडदळाच्या नावानं होतं.

गावात माखनोचा पुतळा २००९ मध्ये आला. आसपास त्याचं रूप बहुतेक कोझाक वीराचं केलेलं. राज्यच नको म्हणणाऱ्या माणसाला राष्ट्राच्या दालनात बसवायचं तर कापाकापी करावीच लागते. दालनात न दिसणारी दुसरी बाजूही आहे. त्याच्या माणसांनी १९१९ च्या शरदात आयखेनफेल्ड या मेनोनाइट, म्हणजे जर्मनभाषक ख्रिस्ती पंथीयांच्या वस्तीत सुमारे ८० जणांची कत्तल केली. ज्यूंच्या कत्तली करणाऱ्या ह्रिहोरिव्ह या सरदाराला मात्र माखनोच्याच लोकांनी भर सभेत ठार केलं होतं. दोन्ही त्याच वर्षी.

ऑगस्ट १९२१ मध्ये तो नीस्टर ओलांडून रुमानियात गेला, जुलै १९३४ मध्ये पॅरिसमध्ये क्षयानं मेला. २०२२ मध्ये हुल्याईपोले आघाडीवर आलं, गाव गोळीबारात उद्ध्वस्त होत गेलं आणि स्थानिक संरक्षण तुकडीनं त्याचंच नाव लावलं. काळे झेंडेवाले रशियनही युक्रेनच्या बाजूनं लढायला आले. मॉस्कोचा अराज्यवादी द्मित्री पेत्रोव्ह एप्रिल २०२३ मध्ये बाखमूतजवळ मारला गेला. आणि युक्रेनचा आयुष्यभर लष्करशाहीविरोधी राहिलेला मक्सिम बुत्केविच सैन्यात दाखल झाला, जून २०२२ मध्ये पकडला गेला, तेरा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कैदी-अदलाबदलीत सुटला. पाश्चात्त्य आणि आपल्याकडच्याही डाव्या चर्चांत ‘दोन्ही साम्राज्यांपासून समान अंतर’ हा सूर फार ऐकू येतो. तो लावणाऱ्यांनी एकदा या दोघांच्या निवडीकडे पाहावं.

आठवा दिवस : ओडेसा

झापोरिझ्झियाहून रात्रीच्या गाडीनं सकाळी ओडेसा. १९२ पायऱ्यांचा जिना वरून पाहिला तर फक्त मधले सज्जे दिसतात, खालून पाहिला तर फक्त पायऱ्या; तो वर निमुळता बांधला आहे. एका कारखान्याच्या अंगणात लेनिनवर मुखवटा चढवून २०१५ मध्ये डार्थ व्हेडर केलेला आहे, डोक्यात वायफाय यंत्र बसवलं होतं. गंमत आहे, पाच मिनिटांची. कॅथरिन राणीचा पुतळा तेव्हा होता, तो डिसेंबर २०२२ मध्ये काढला.

कुलिकोव्हो मैदानावरची कामगार संघटनांची इमारत स्थानकाच्या अगदी जवळ आहे. २ मे २०१४ रोजी शहरात युक्रेनवादी मोर्चावर रशियावाद्यांनी हल्ला केला, गोळीबारात दोन्हीकडची माणसं पडली. संतापलेला जमाव मग रशियावाद्यांच्या तंबूंवर गेला, ते लोक इमारतीत शिरले, दोन्ही बाजूंनी पेट्रोल बॉम्ब उडाले आणि इमारत पेटली. दिवसभरात एकूण ४८ मृत्यू, त्यांतले ४२ या इमारतीतल्या आगीमुळे. मॉस्कोनं याचं ‘नाझी हत्याकांड’ केलं, कीव्हनं तपास रेंगाळत ठेवला. मार्च २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं युक्रेनला दोषी धरलं. पोलिसांनी हिंसा रोखायला हालचाल केली नाही, अग्निशमन गाड्या मुद्दाम चाळीस मिनिटं रोखल्या गेल्या, पुढचा तपास कुचकामी होता. रशियन अपप्रचारानं आग लावायचं काम केलं, हेही त्याच निकालात आहे. अग्निशमन केंद्र इमारतीपासून एक किलोमीटरच्या आत होतं.